उंदराला काउंट पडल्याचं काहीच वाटत नाही

डेंग्यूचा ताप आला की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, त्यांचा काउंट किती? नॉर्मल म्हणजे दर मायक्रोलिटरला 1.5 ते 4.5 लाख, तो खाली यायला लागला की घरच्यांचा जीव टांगणीला. पण गंमत अशी की काउंट आणि रक्तस्राव यांचं गणित सरळ नाहीच. एखादा 8 हजारावर असून आरामात बसलेला असतो आणि दुसऱ्याचा 40 हजारालाच घोळणा फुटतो.

2010 साली एक मोठी ट्रायल छापून आली, 1272 पेशंट, बरेचसे ब्लड कॅन्सरचे, काहींना प्लेटलेट कमी डोसमध्ये चढवल्या, काहींना मध्यम, काहींना भरपूर. तिन्ही गटांत 70 टक्क्यांच्या आसपास लोकांना रक्तस्राव झालाच! म्हणजे पिशव्या वाढवून भागत नाही, दुसरं काहीतरी चालू असतं. ते शोधायला मुद्दाम कुणा माणसाच्या प्लेटलेट तर पाडता येत नाहीत.

मग पहिला नंबर उंदराचा, स्वस्त आणि हाताशी असलेला. पण उंदराच्या अंगात रक्त जेमतेम 2 मिली, काउंट 10 लाखांच्या घरात, आणि थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन ओळखणारा जो मुख्य रिसेप्टर आपल्या प्लेटलेटवर असतो तो त्याच्याकडे नाहीच. त्याच्या 90 टक्के प्लेटलेट उडवल्या तरी पठ्ठ्या आपोआप रक्त गाळत नाही. 2008 मध्ये मात्र उंदरातच एक भारी गोष्ट दिसली, काउंट पाडलेला असताना त्वचेत किंवा फुफ्फुसात सूज आणली की नेमकं तिथेच रक्त झिरपायला लागतं. पण अशा इवल्याशा जिवातून रोज रोज सॅम्पल काढणार किती आणि हिरड्या, लघवी, आतडी यातलं कुठून किती गेलं ते मोजणार कसं, म्हणून मग कुत्रा, डुक्कर, माकड.

कुत्र्याला प्लेटलेटविरोधी अँटिबॉडी टोचली की काही तासांत काउंट कोसळतो, अगदी माणसातल्या आयटीपी या आजारासारखा, ज्यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं. आणि इथेही तेच, काउंट सारखाच पडलेला, पण एका कुत्र्याच्या अंगावर लाल ठिपके आणि दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून कुत्र्यांसाठी रक्तस्रावाची वेगळी मोजपट्टी केली आहे, शरीराच्या 9 जागा बघायच्या आणि प्रत्येकीला 0 ते 2 मार्क द्यायचे. त्यात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात तर मजेशीरच, ट्यूब्युलिन या पेशीतल्या प्रथिनाच्या एका जन्मजात बदलामुळे यांच्या प्लेटलेट मोठ्या पण संख्येने कमी, आणि कुत्रं आयुष्यभर मस्त, रक्तस्राव वगैरे काही नाही.

सगळ्यात विचित्र मॉडेल, म्हणजे माणसाच्या आजाराचा प्राण्यातला नमुना, तर कुणी बनवलंच नव्हतं. 2007 च्या सुमारास जर्मनीत आणि मग युरोपात इतरत्र धडधाकट जन्मलेली वासरं दोन-तीन आठवड्यांत रक्त गाळायला लागली, सुई टोचली की तिथून रक्त थांबेना, काहींच्या तर न फाटलेल्या कातडीतूनही रक्त यायचं. शोधता शोधता गाडी आली गाईंना दिलेल्या एका लशीवर. लशीतला विषाणू गाईच्याच पेशींवर वाढवलेला, त्या पेशींचे अवशेष लशीत राहिले, गाईने त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी केल्या आणि त्या चिकातून वासराच्या पोटात जाऊन त्याच्याच रक्तपेशींवर उठल्या. गाईची वार अँटिबॉडी आत सोडत नाही, म्हणून वासरू जन्मताना ठणठणीत, चीक पिऊन मग आजारी! माणसात अशाच अँटिबॉडी वारेतून थेट बाळात जातात आणि बाळाच्या प्लेटलेट खातात. 2010 मध्ये ती लस युरोपात बंद झाली.

रेडिएशनचं प्रकरण अजून वेगळं, जास्त रेडिएशन लागलं की प्लेटलेट पडतात, पण तिथे माणसांवर ट्रायल घेणंच शक्य नाही. त्यामुळे प्लेटलेट वाढवणाऱ्या रोमिप्लोस्टिम या औषधाला अमेरिकेत 2021 साली या कामासाठी मंजुरी मिळाली ती माकडांवरच्या अभ्यासाच्या जोरावर. माकडांचं वाचून मला तरी बरं वाटत नाही, पण इथे दुसरा मार्गही दिसत नाही. आयटीपीत मात्र दिसतो, पाळीव कुत्र्यांना हा आजार आपोआपच होतो, ती उपचाराला येतातच, तर मालकाला विचारून त्यांच्याच नोंदी ठेवायच्या, मुद्दाम कुणाला आजारी पाडायला नको.