संगीतोपचार

आजारपणात, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा उतारवयात औषधांच्या जोडीला ठरवून केलेला गाण्याचा, लयीचा वा नुसत्या नादाचा वापर म्हणजे संगीतोपचार. तो औषधांच्या जागी येत नाही. अमुक राग मधुमेहावर, तमुक रक्तदाबावर अशी कोष्टके मोबाइलवर फिरत असतात. रागांच्या आणि रोगांच्या अशा जोड्या चाचण्यांतून सिद्ध झालेल्या नाहीत.

नाद आणि देह यांचा एकत्र विचार मराठवाड्याला नवा नाही. 13 व्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात हिशेबाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वरांकडे वळण्याआधी गर्भाची वाढ, अवयव आणि नाड्या यांचे वर्णन येते. मंद्र (खालचा) नाद हृदयात, मध्य कंठात आणि तार (उंच) मस्तकात अशी मांडणी त्यापुढे आहे. ती रोग बरे करण्याची कृती नव्हे, तरी हल्ली तसा दाखला सर्रास दिला जातो.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो शस्त्रक्रियेपूर्वीच्या धास्तीबाबत. रुग्णाला 20 ते 30 मिनिटे त्याच्या आवडीचे संथ संगीत ऐकवले की घालमेल कमी होते. लय मिनिटाला 60 ते 80 ठोक्यांची आणि आवाज साध्या बोलण्याइतका असावा. निवड रुग्णाची हवी; मुलाने आणलेली बासरी बापाला रुचेलच असे नाही. स्मृतिभ्रंशात संगीताने उदासी थोडी हटते, पण गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही. अशा माणसासाठी त्याच्या तरुणपणी कानावर पडलेली गाणी शोधावीत. जात्यावरच्या ओव्यांत वाढलेल्या आजीला ओवीची एक ओळ म्हणून दाखवली, तर पुढची तीच पुरी करते.

पक्षाघाताने डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेली, पण समोरच्याचे बोलणे कळते, अशा रुग्णासाठी 1970 च्या दशकात अमेरिकेत स्वरांतून बोलण्याची पद्धत आखली गेली. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य घ्यायचे: ‘पाणी दे’. ‘पा’ वरच्या स्वरावर, कोमल गंधारावर (ग), ‘णी’ आणि ‘दे’ खालच्या षड्जावर (सा). शिकवणारा आधी नुसता गुणगुणतो आणि दर अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर हलका ठोका देतो. मग दोघे मिळून म्हणतात, पुढे शिकवणारा मध्येच आवाज काढून घेतो, शेवटी ‘काय पाह्यजे?’ या प्रश्नाला रुग्ण तेच वाक्य एकट्याने म्हणतो. जमले की चाल सपाट करत साध्या बोलण्यावर आणायची. इथे घरच्यांची हमखास फसगत होते. बोलता न येणारा माणूस पाठ असलेला अभंग सलग म्हणून जातो आणि वाचा परत आली असे सर्वांना वाटते. पाठांतर वेगळ्या वाटेने येते. तोच माणूस पाणी मागायला अडतो. म्हणून सरावाला अभंग नको, गरजेची वाक्ये हवीत.

कंपवातात (पार्किन्सन) पाऊल अडखळते, तेथे लय कामाला येते. रुग्ण मिनिटाला किती पावले टाकतो ते मोजायचे, मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारे यंत्र, तेवढ्यावरच लावायचा, ते जमल्यावर वेग शेकडा 5 ते 10 ने वाढवायचा. हरिपाठाची पावली ज्याच्या अंगात मुरली आहे, त्याला ठोक्यावर पाय टाकणे समजावून सांगावे लागत नाही. मेट्रोनोमऐवजी टाळ चालतो, पण वाजवणाऱ्याचा हात सुटता कामा नये. भजनात गजर चढला की लय पळते, तिच्यामागे रुग्णाची पावले आखूड आणि घाईची होतात आणि तो पुढे कोसळतो. वळताना पाय जास्त थिजतात, म्हणून तेवढ्या वेळी कोणीतरी हाताशी असावे.

भजनी मंडळात बसून गाण्याने एकटेपणा सरतो आणि लांब ओळीपायी श्वास सोडण्याला वळण लागते. अडचण पट्टीची, म्हणजे सूर किती उंच धरायचा याची असते. एखादा तरणा गायक पेटीवर काळी चार ही उंच पट्टी धरतो, मग म्हाताऱ्यांच्या गळ्याच्या शिरा ताणतात. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णासाठी पट्टी उतरवून पांढरी एकच्या आसपास आणावी आणि दोन ओळींमध्ये श्वासाला जागा ठेवावी.

तोंड मिटून गुणगुणले असता नाकातील नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासापेक्षा सुमारे 15 पटीने वाढते, असे 2002 मध्ये स्वीडनमध्ये मोजले गेले. भ्रामरीत, म्हणजे भुंग्यासारखे गुणगुणण्याच्या प्राणायामात, नादाच्या कंपनाने सायनसमधली हवा खेळती होते, म्हणून हे घडते. सुरुवातीला 5 ते 10 आवर्तने पुरेत. बोट कानात खुपसायचे नाही, कानाच्या तोंडाशी असलेली कूर्चा (मऊ हाडाचा उंचवटा) नुसती दाबायची. श्वास ओढूनताणून लांबवला की चक्कर येते. धातूच्या वाडग्यांच्या नादाने बरे वाटते, पण रोग हटतो याला पुरावा तोकडा आहे.

आवाज वाढवल्याने गुण वाढत नाही. 85 डेसिबल 8 तास सोसवतो. पुढे दर 3 डेसिबलला मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे. वरातीतल्या डीजेपुढे ती सहज ओलांडली जाते. कानयंत्र लावणाऱ्याला पखवाजाच्या शेजारी बसवू नये, यंत्र ठोका फाटका करून पोचवते. संगीताने फिट येणारा अपस्मार दुर्मिळ आहे. तरी फिटचा इतिहास असेल, तर आधी कधी एखाद्या गाण्याने त्रास झाला होता का, हे घरच्यांना विचारूनच सुरुवात करावी.