कृतिसमुदाय आणि संवाद तंत्रज्ञान

एकाच प्रकारचे काम सातत्याने करणारी, त्यातल्या अडचणी एकमेकांना सांगणारी आणि त्यातून कामाची सामाईक रीत घडवणारी माणसे म्हणजे कृतिसमुदाय. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह आणि शिक्षणविचारक एतिएन वेंगर यांनी ही संकल्पना १९९१ मध्ये मांडली. तिची मुळे ज्ञानरचनावादात आहेत. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जसेच्या तसे पोचवता येत नाही, शिकणारा ते आपल्या अनुभवातून रचतो, ही ज्ञानरचनावादाची मूळ भूमिका. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलाच्या मनात होणाऱ्या रचनेचा अभ्यास केला. ही रचना आधी माणसामाणसांत होते आणि मग मनात उतरते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की (१८९६–१९३४) यांचे म्हणणे होते. लेव्ह आणि वेंगर आणखी पुढे गेले. त्यांच्या मते शिकणे म्हणजे एखाद्या समुदायाच्या कामात हळूहळू सामील होत जाणे; त्यात कौशल्य येते आणि माणसाची ओळखही बदलते.

लेव्ह यांनी १९७०च्या दशकात लायबेरियातील वाय आणि गोला शिंप्यांचा अभ्यास केला. तिथे उमेदवार शिकाऊ मुलगा आधी बटणे लावतो, काजे करतो, तयार कपड्याला इस्त्री करतो. शिवण नंतर येते आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी. म्हणजे शिकण्याचा क्रम कपडा तयार होण्याच्या क्रमाच्या उलटा असतो. यामागे विचार आहे. शेवटच्या टप्प्यावर काम करताना मुलाला पूर्ण कपडा कसा दिसतो हे कळते, आणि त्याच्या हातून चूक झाली तरी कापड वाया जात नाही. नवख्याला कमी जोखमीचे, पण खरे काम देण्याच्या या पद्धतीला लेव्ह आणि वेंगर यांनी परिघावरचा रीतसर सहभाग म्हटले.

त्याच विवेचनात अमेरिकेतील सुपरमार्केटमधल्या मांस कापणाऱ्या उमेदवारांचेही उदाहरण येते, आणि ते उलट प्रकारचे आहे. त्यांना मांस वेष्टनात बांधायच्या टेबलाशी बसवले जाई आणि मुरलेले कारागीर कापणी करत ती जागा दुसरीकडे असे. उमेदवारांना ते काम दिसतच नसे, त्यामुळे शिकणे खुंटे. शिकवण्याची कितीही इच्छा असली तरी भिंत आड आली की परिघावरचा सहभाग तुटतो. संवाद तंत्रज्ञानाचा, म्हणजे टेलिफोन, रेडिओ, मोबाइल संदेशगट अशा साधनांचा विचार करताना हे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कुठलेही साधन आले की पहिला प्रश्न हा विचारावा : त्यामुळे नवख्याला जाणत्यांचे काम दिसते आणि ऐकू येते, की त्यांच्यामध्ये आणखी एक भिंत उभी राहते?

बोधनशास्त्रज्ञ (विचारप्रक्रियेचे अभ्यासक) एडविन हचिन्स यांनी १९८०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या जहाजावरील दिशादर्शनाचा केलेला अभ्यास याचे ठोस उत्तर देतो. जहाज किनाऱ्याजवळ असताना दोन्ही बाजूंना उभे असलेले खलाशी खुणांची दिशा मोजून टेलिफोनवर सांगतात आणि आतला सहकारी ती लिहून घेतो. हा फोन सामाईक असतो. एकाचे बोलणे त्यावरचे सगळे ऐकतात, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते आणि जो दुरुस्त होताना ऐकतो तोही शिकतो. साधन अगदी साधे. पण संवाद खासगी नसल्यामुळे शिकणे आपोआप घडते.

याच सुमारास झेरॉक्स कंपनीच्या फोटोकॉपी यंत्रांचे दुरुस्ती तंत्रज्ञ काम कसे करतात, हे मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर पाहत होते. कंपनीने त्यांना पायरीपायरीने दोष शोधायची माहितीपुस्तके दिली होती. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाकडच्या यंत्राचा बिघाड पुस्तकात बसत नसे. मग दोन तंत्रज्ञ यंत्रापाशी उभे राहून एकमेकांना जुने किस्से सांगत : अमुक ठिकाणी असेच झाले होते, तेव्हा तमुक भाग कारणीभूत निघाला. किस्से जुळवता जुळवता निदान उभे राही. न्याहारीला, जेवणाला, कॉफीला ही मंडळी जमत तेव्हाही हेच चाले. बाहेरून पाहणाऱ्याला त्या गप्पा वाटत. खरे तर तेच त्यांचे ज्ञान रचण्याचे ठिकाण होते. जॉन सीली ब्राउन आणि पॉल ड्युग्विड या संशोधकांनी ऑर यांच्या निरीक्षणांच्या आधारे १९९१ मध्ये दाखवून दिले की कामाची लेखी पद्धत आणि प्रत्यक्ष काम यांत मोठे अंतर असते आणि ते कृतिसमुदाय भरून काढतो.

पुढे या तंत्रज्ञांना दुतर्फा रेडिओ देऊन पाहण्यात आले. दूरदूरच्या इमारतींत एकेकटे काम करणारे लोक दिवसभर एकमेकांच्या कानावर राहू लागले. नवा माणूस बोलण्याआधी बराच काळ नुसता ऐके. त्यानंतर आली युरेका ही प्रणाली. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली आणि तेव्हा तिथे घरोघर पोचलेल्या मिनिटेल या टेलिफोन तारेवरून मजकूर दाखवणाऱ्या जाळ्याचा तिने उपयोग केला. एखाद्या तंत्रज्ञाला नवा उपाय सापडला की तो नोंदवायचा, अनुभवी सहकाऱ्यांनी तो तपासायचा आणि लिहिणाऱ्याच्या नावासह तो सर्वांना खुला करायचा. नोंदींबद्दल पैसे देण्याची कल्पना पुढे आली, पण तंत्रज्ञांना त्याऐवजी नोंदीवर नाव हवे होते. समव्यावसायिकांत मिळणारा मान हेच त्यांचे मोल होते. युरेका टिकली ती यामुळे. त्या काळात अनेक कंपन्यांनी ज्ञानभांडार म्हणून माहितीसंच उभारले. जिथे काम करणाऱ्यांचा सहभाग, पारख आणि श्रेय यांना जागा नव्हती तिथे ते ओस पडले.

वेंगर यांनी १९९८ मध्ये सहभाग आणि नोंद (अनुभवाला लेख, नियम, साधन असे ठोस रूप देणे) अशी जोडी मांडली. दोन्ही लागतात. केवळ बोलणे विरून जाते, केवळ नोंद निर्जीव राहते. संवाद तंत्रज्ञान बहुतेक वेळा नोंदीच्या बाजूला झुकते.

महाराष्ट्रात ज्ञानरचनावाद हा शब्द राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर शाळांपर्यंत पोचला. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांनी तो वर्गात उतरवला : फरशीवर आखणी, खडे, काड्या, चिंचोके, गटाने शिकणारी मुले. राज्यभरातून शिक्षक तिथे वर्ग पाहायला जाऊ लागले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर ही लाट आणखी पसरली आणि तिला व्हॉट्सअॅपची जोड मिळाली. चालू वर्गाचा फोटो किंवा छोटी चित्रफीत टाकणारा आणि त्यावर ‘हे दुसरीला कसे घेतले?’ असे विचारणारा शिक्षक यांच्यात जे घडते ते कृतिसमुदायाचे काम आहे. शाळांच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या समूहातल्या, ज्या व्हॉट्सअॅप गटावर फक्त परिपत्रके येतात आणि तातडीची माहिती मागवली जाते, तो गट मात्र कार्यालयाची टपाल पेटी आहे. शिक्षकांची संख्या, संदेशांची संख्या दोन्हीकडे सारखी असू शकते. फरक पडतो तो प्रश्न विचारायची मुभा असण्याने.

या संकल्पनेवर रास्त आक्षेपही आहेत. समुदाय म्हटले की सत्ता, स्पर्धा आणि वगळणे नजरेआड होते. अनुभवी माणसेही नव्यांकडून शिकतात हे मूळ मांडणीत दुबळे राहिले. नियमांनी बांधून वरून कृतिसमुदाय ‘स्थापन’ करण्याची व्यवस्थापनाची हौस तर मूळ विचाराच्याच विरोधात जाते.

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह या उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातील सरकारी माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी मोबाइल संदेशगट चालवले गेले. विषयतज्ज्ञ आणि शिक्षक एकाच गटात बोलत. यासाठी टेलिग्रामचा वापर झाला. या सेवेत उशिरा आलेल्या सदस्यालाही आधीचे संभाषण दिसेल अशी सोय करता येते. व्हॉट्सअॅपवर एरवी नव्या सदस्याला स्वतः सामील झाल्यानंतरचेच संदेश मिळत आले आहेत. वर्षभर चाललेली चर्चा त्याच्यासाठी घडलेलीच नसते.