टेन्शनमध्ये डोकं बंद पडत नाही

बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "टेन्शन आलं की डोकंच चालत नाही." मला ते पटत नाही. डोकं चालतं, पण पायाखालच्या वाटेनंच चालतं.

वीज गेलेली असते, हातात मेणबत्ती असते, तरी न्हाणीघराच्या दाराशी पोचलं की हात बटणाकडे जातो. ही सवय. याउलट, बटण दाबून काय मिळणार आणि ते मला हवंय का, हे जोखून केलेली कृती हेतुपूर्वक. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मग ओळखायच्या कशा?

त्यासाठी क्रिस्टोफर अ‍ॅडम्स यांचा १९८२चा प्रयोग मला फार आवडतो. उंदरांना दांडी दाबून साखरेची गोळी मिळवायला शिकवलं. काहींनी १०० वेळा दाबली, काहींनी ५००. मग दांडी बाजूला ठेवून नुसती गोळी खाऊ घातली आणि मळमळ आणणारं लिथियम क्लोराइड टोचलं. गोळीचा वीट आला. आता उंदीर पुन्हा दांडीपाशी. खरी खुबी इथे आहे: या वेळी दांडी दाबली तरी गोळी येतच नाही. ती आली असती तर तोंडात घेऊन, नकोशी वाटून उंदीर थांबला असता आणि आपल्याला काहीच कळलं नसतं. दांडी आणि मळमळ त्यानं कधी एकत्र अनुभवलेली नाही. दांडीनं गोळी येते, गोळीनं मळमळतं, म्हणून दांडी नको, हे त्याला मनातच जुळवावं लागतं. १०० वेळा दाबलेल्यांनी ते जुळवलं आणि दाबणं कमी केलं. ५०० वाले दाबतच राहिले.

ताणाचा संबंध इथे येतो. २००९ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी उंदरांना २१ दिवस सतत ताणाखाली ठेवलं. ते पोट भरलेलं असतानाही दांडी दाबत राहिले. मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाची आतली बाजू, जी परिणाम जोखते, ती आक्रसली; सवयी सांभाळणारी बाहेरची बाजू वाढली. त्याच वर्षी जर्मनीत लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी माणसांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावून ताण दिला. पोटभर खाऊन नकोशा झालेल्या पदार्थाचाच पर्याय ती निवडत राहिली.

मात्र ताण आणि चिंतातुर स्वभाव एक नव्हेत. क्लेअर गिलन यांच्या २०१६च्या अभ्यासात हेतुपूर्वक निर्णयातली उणीव चिंतेशी नव्हे, तर त्याच त्या विचार-कृतींच्या चक्रात अडकण्याशी जुळली. चिंता करणाऱ्या मुलाला "तुला निर्णय जमत नाहीत" म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. आणि परीक्षेआधी मंतरलेलं पेन त्याच्या हातात देऊ नका. ते स्ट्रायटमपर्यंत पोचत नाही.

विश्रांती पोचते. पोर्तुगालमध्येच मोठ्या प्रवेश परीक्षेच्या तयारीनं थकलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत हाच बदल दिसला होता. ताण संपल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा निर्णयाची पद्धत आणि मेंदूतला बदल, दोन्ही पूर्वपदावर येत होतं.