ॲक्सोलॉटलच्या रिकाम्या टाकीमागची दीडशे वर्षे

ॲक्सोलॉटल हा मूळचा मेक्सिकोतला, पाण्यातच राहणारा कल्लेवाला उभयचर प्राणी. तो पाळू पाहणाऱ्याला जाणकारांकडून पहिला सल्ला मिळतो तो प्राणी न आणता टाकी काही आठवडे नुसती चालू ठेवण्याचा. पाणी भरलेले आहे, फिल्टर फिरतो आहे, मधूनमधून मोजून अमोनिया घातला जातो आहे आणि आत जिवंत असे काही दिसत नाही, हा प्रकार घरातल्या इतरांना विचित्रच वाटतो. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल करणे’ म्हणतात. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आधीच वसवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ.

घरगुती मत्स्यालयाची कल्पना या जीवाणूंच्या शोधापेक्षा जुनी आहे. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली आपल्या टाकीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली होती आणि कुजणारी पाने खाण्यासाठी गोगलगायी सोडल्या होत्या. मासे कार्बन डायऑक्साइड देतात, वनस्पती प्राणवायू देतात आणि अशा रीतीने टाकीचा समतोल साधतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता, कारण अमोनियाचे काय होते हा प्रश्न त्यात नव्हताच.

1864 साली मेक्सिकोतून 34 ॲक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतले सहा प्राणिशास्त्रज्ञ ओग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे, तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांना पिल्ले झाली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत असलेल्या ॲक्सोलॉटलांचा वंश बव्हंशी या पॅरिसच्या प्राण्यांपर्यंत जातो. याच फ्रान्समध्ये 1877 साली श्लोझिंग आणि म्युंत्झ या रसायनतज्ज्ञांनी सांडपाणी वाळू-चुनखडीच्या थरांतून संथपणे झिरपवले. काही दिवसांनी त्यातला अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले, आणि सजीवांना बधिर करणाऱ्या क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. त्यावरून हे काम सजीवांचे असल्याचे सिद्ध झाले. सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारे नायट्रेट, शेण-मुताने भिजलेल्या मातीत तयार होतो हे त्याआधीच्या शतकांनाही ठाऊक होते. रायबंदर आणि जुने गोवे यांच्या दरम्यान पोर्तुगीजांचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. तिथल्या दारूलाही सोरा लागतच असणार, आणि तो मातीत घडवणारे जीवाणू फिल्टरमधल्या जीवाणूंच्या जातकुळीचेच.

क्रिया दोन टप्प्यांत आणि वेगवेगळ्या जीवाणूंकडून होते, हे पुढे इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात काम करताना दाखवणारे रॉबर्ट वॉरिंग्टन हे त्याच लंडनच्या वॉरिंग्टनांचे चिरंजीव. वडिलांच्या टाकीतला न विचारलेला प्रश्न मुलाने शेतातल्या मातीत सोडवला. मात्र ते जीवाणू वेगळे काढण्यात यश मिळाले ते 1890 च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांना. त्यानंतर शंभरएक वर्षे पुस्तके नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे श्रेय नायट्रोबॅक्टर या जीवाणूला देत राहिली. 1990 च्या दशकातल्या तपासणीत गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत ते काम प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा हा दुसराच जीवाणू करतो असे आढळले, आणि 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले.

हौशी व्यवहारात हे ज्ञान उशिरा उतरले. बराच काळ एखादा चिवट मासा नव्या टाकीत सोडून तो जगतो का ते पाहण्याची रीत होती. ॲक्सोलॉटलच्या बाबतीत ती अजिबात चालणारी नाही. त्याचे पिसांसारखे कल्ले उघडे असतात, कातडी नाजूक असते आणि गांडुळे खाऊन तो आकाराच्या मानाने पुष्कळ घाण करतो.

गोव्यात मात्र या इतिहासाला स्थानिक पेच पडतो. नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे, जीवाणू 25 ते 30 अंश तापमानात जोमाने वाढतात, म्हणजे आपले नळाचे पाणी क्लोरीन काढल्यावर त्यांना मानवते आणि सायकल थंड देशांपेक्षा लवकर पूर्ण होते. ॲक्सोलॉटलला मात्र 16 ते 18 अंश हवेत, आणि 24 च्या वर तो त्रासतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी सहज 29-30 अंशांवर जाते. त्या तापमानाला तेवढ्याच पीएचवर अमोनियाचा विषारी अंश 18 अंशांच्या तुलनेत दुपटीहून अधिक असतो. म्हणून माझ्या मते इथे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, ही चैन नव्हे, पहिली खरेदी आहे. सायकल उबदार पाण्यात करावी, मग पाणी हळूहळू थंड करून काही दिवस तिथेच ठेवावे आणि अमोनियाची चाचणी पुन्हा घ्यावी, कारण थंडीत जीवाणूंचा वेग मंदावतो. 2 पीपीएम (दशलक्ष भागांत दोन भाग) अमोनिया घातल्यावर थंड पाण्यातही 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच टाकी तयार समजावी. मग बरेचसे पाणी बदलून साचलेले नायट्रेट उतरवावे.

विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीतले पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असते, आणि नायट्रीकरणही आम्ल निर्माण करते. पीएच घसरला की जीवाणू थंडावतात आणि सायकल मध्येच अडकते. स्वच्छ उकळलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवल्या, तर त्यांतला चुना हळूहळू विरघळून पीएच सावरतो. त्या टाकीच्या तळाशी टाकू नयेत, ॲक्सोलॉटल गिळण्याजोगे काहीही गिळतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी : ही प्रजाती साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. कागदपत्रे नसलेले पिल्लू घेऊ नये.

राहता राहिली पावसाळ्यातली वीज. ती काही तास गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधले पाणी प्राणवायूवाचून कुजते. वीज येताच तो तसाच सुरू न करता आतले पाणी आधी ओतून द्यावे, आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलका पिळावा, नळाखाली धुऊ नये. चवथीला सगळे मूळ गावी जाणार असतील, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच जोडून ठेवावा.