रिपोर्ट तोच, वय वेगळं

कोल्हापुरात पोराचे डोळे पिवळे दिसले की पहिला संशय पाण्यावर जातो. तो चुकीचाही नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती पाण्यातूनच. मग उसाचा रस, तेल-तिखट बंद, हातावर चुन्याचं पाणी घालून कावीळ उतरवणं. व्हायरसची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक ओसरते आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. माझी तक्रार वाया गेलेल्या वेळेची आहे. कारण जी कावीळ ओसरत नाही, किंवा जाऊन पुन्हा उगवते, तिच्यामागे कधी कधी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती असते. ती यकृतावरच उलटते. हा ऑटोइम्यून हिपॅटायटिस. मुली-बायकांत जास्त.

मोठ्यांत तो चोरपावलांनी येतो. थकवा, सांधेदुखी, बाई कामाचा शीण म्हणून अंगावर काढते आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं सापडतं. साधारण तिघांत एकाला तोवर सिऱ्होसिस झालेला, म्हणजे यकृत व्रणांनी आक्रसून घट्ट झालेलं असतं. मुलांत मात्र जवळपास निम्म्या वेळा सुरुवातच धडाक्यात होते, हुबेहूब साथीच्या काविळीसारखी. या आजाराचे दोन प्रकार, रक्तात कोणती अँटिबॉडी (स्वतःच्याच शरीरावर उलटलेलं प्रथिन) सापडते त्यावरून ठरणारे. पहिल्यात बहुधा एएनए सापडते; एलकेएम-१ सापडणारा दुसरा प्रकार मुख्यतः लहान मुलांचा. यकृत अचानक निकामी होण्याचा धोका त्यात अधिक.

खरी गंमत लॅबच्या कागदावर आहे. सीरम किती पट पातळ करूनही अँटिबॉडी दिसते, ते तिथे १:२०, १:४० असं लिहिलेलं असतं. धडधाकट मोठ्या माणसांतही थोडीफार एएनए सापडते, म्हणून १:४० च्या खाली सहसा लक्ष देत नाहीत. निरोगी मुलांत ती क्वचितच असते; तिथे १:२० सुद्धा बोलकं, आणि एलकेएम-१ असेल तर १:१० पुरे. पित्तनलिका बिघडल्या की वाढणाऱ्या अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचं उलट. मुलांच्या वाढत्या हाडांतूनही ते रक्तात उतरतं, तेव्हा पित्तनलिकांचा अंदाज घ्यायला जीजीटी हे हाडांतून न येणारं एन्झाइम बघावं लागतं. हा अंदाज महत्त्वाचा, कारण बऱ्याच मुलांत यकृतासोबत पित्तनलिकाही सुजलेल्या असतात आणि ते एमआरसीपीवरच, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयवरच, नीट कळतं. मध्यमवयीन बायकांना होणारा पित्तनलिकांचा आजार, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, मुलांत जवळजवळ दिसतच नाही. उलट मुलांत तांबं साठवणारा विल्सनचा आजार आधी खोडून काढावा लागतो.

औषधं दोघांना बहुतेक तीच: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन. बहुतेकांना गुणही येतो. मुलांत उंचीवर डोळा ठेवून स्टिरॉइड लवकर कमी करत आणतात. चेहरा गोल होतो, मुरमं येतात. मग दहावीतली पोरगी घरच्यांच्या नकळत गोळ्या सोडते आणि एसजीपीटी पुन्हा चढतं. रिपोर्ट काही वर्षं सलग नॉर्मल राहिले आणि बायोप्सीतही सूज नसली, तर पहिल्या प्रकारात काही मुलांची औषधं बंद करता येतात. तरी वयात येण्याच्या काळात तो प्रयोग टाळतात. दुसऱ्या प्रकारात गोळी बहुधा कायमचीच.