उब्वोको : ओळखपत्रावरची एक ओळ

आफ्रिकेतल्या रवांडाच्या जुन्या ओळखपत्रात फोटोच्याच पानावर ‘उब्वोको’ अशी एक ओळ छापलेली असे. तिच्यापुढे चार शब्द : हुतू, तुत्सी, त्वा हे तिथले तीन गट, आणि परदेशातून येऊन नागरिक झालेला. लागू नसलेले शब्द कारकून खोडायचा. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवस चाललेल्या तुत्सींच्या संहारात रस्त्यांवरच्या नाक्यांवर हीच ओळ वाचून समोरच्याला जाऊ द्यायचे की मारायचे, हे ठरत होते.

गंमत नव्हे, शोकांतिका अशी की ‘उब्वोको’चा जुना अर्थ ‘कूळ’. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणाला उब्वोको विचारला असता तर त्याने अबेगा, अबासिंगा असे कुळाचे नाव सांगितले असते, आणि त्या एकाच कुळात हुतू, तुत्सी, त्वा असे तिन्ही सापडले असते. भाषा एक, देव एक, टेकड्याही त्याच. तुत्सी म्हणजे ढोबळमानाने गुरेढोरे आणि दरबाराशी जवळीक असलेले, हुतू म्हणजे ज्वारी-घेवडा पिकवणारे, त्वा म्हणजे शिकार करणारा, मडकी घडवणारा लहानसा गट. गाई आणि सरदाराचा आश्रय मिळालेले हुतू घराणे कालांतराने तुत्सी गणले जाई. त्याला ‘क्विहुतुरा’ म्हणत. असे फार वेळा घडत नसे, पण वाट बंद नव्हती.

म्हणून सगळे भांडण गोऱ्यांनी लावले, असे म्हणणेही खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा र्‍वाबुगिरीच्या काळात ‘उबुरेत्वा’ ही वेठबिगार आली आणि ती फक्त हुतूंवर लादली गेली. फट तेव्हाच पडली होती.

जर्मनांनंतर १९१६ मध्ये बेल्जियन आले, तेव्हा सोबत एक सिद्धांतही होता. उंच, सरळ नाकाचे तुत्सी हे उत्तरेकडून आलेला श्रेष्ठ वंश, असा तो सिद्धांत. या भागातल्या राज्यकर्त्या गटांबद्दल अशी कल्पना प्रवासी जॉन स्पीकने १८६३ मध्येच मांडली होती. भारतात १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिझली नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावू पाहत होते, त्याच काळातले हे ‘विज्ञान’. त्यातली चूक साधी आहे. दोन गटांच्या सरासरीत फरक असला तरी माणसांची मापे एकमेकांत मिसळलेली असतात. शिवाय दूध भरपूर मिळणाऱ्या घरातली मुले उंच होण्याची शक्यता जास्त. त्यात ओळख बापाकडून येते : आई तुत्सी, बाप हुतू, तर मूल हुतू. नाक बघून हे कसे कळणार?

पण माझ्या मते खरा घाव कारभाराने घातला. पूर्वी बऱ्याच भागांत तीन सरदार असत : जमिनीचा, कुरणाचा आणि सैन्याचा. जमिनीचा सरदार बऱ्याचदा हुतू असे. एकाने छळले की शेतकरी दुसऱ्याकडे दाद मागे. १९२६ पासून बेल्जियनांनी तिन्ही पदे मोडून एकच सरदार ठेवला, तोही जवळजवळ नेहमी तुत्सी. १९५९ मध्ये ४५ पैकी ४३ सरदार आणि ५५९ पैकी ५४९ उपसरदार तुत्सी होते. रस्ते बांधायला, कॉफी लावायला माणसे जुंपायची ती याच सरदाराने. शेतकऱ्याला चाबूक दिसे तो या सरदाराच्याच माणसांच्या हातात. सामान्य तुत्सी मात्र शेजारच्या हुतूइतकाच गरीब होता.

१९३३-३४ च्या शिरगणतीनंतर ओळखपत्रे वाटली गेली. दहा गाई असतील तो तुत्सी, असा नियम होता असे सर्रास सांगतात. पण तेवढ्या गाई बहुतेक तुत्सींकडेही नव्हत्या. नोंदी झाल्या त्या बव्हंशी माणसाच्या सांगण्यावरून आणि मिशनऱ्यांच्या माहितीवरून. ‘क्विहुतुरा’ची वाट तिथे बंद झाली.

१९५७ च्या जाहीरनाम्यात हुतू पुढाऱ्यांनी ही ओळ काढू नका, असे मागितले. ती गेली तर तुत्सींची मक्तेदारी आकड्यांत दाखवायची कशी, हा त्यांचा मुद्दा. मग १९५९ च्या उठावात बेल्जियनांनी बाजू बदलली आणि १ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला. सत्ता हुतूंकडे आली. ओळ तशीच राहिली, आणि आता तीच बघून शाळा-नोकऱ्यांत तुत्सींच्या जागा मोजून दिल्या जाऊ लागल्या. ती खोडली गेली १९९४ च्या संहारानंतर.