दोन पंचमांशाचं कोडं

२०२५चं भौतिकशास्त्राचं वुल्फ पारितोषिक भौतिकशास्त्रज्ञ जैनेंद्र जैन यांना जाहीर झालं, तेव्हा मी वाचलेल्या बातम्या बहुतेक जयपूर फूटभोवतीच फिरत होत्या. राजस्थानातल्या सांभरचा मुलगा, लहानपणी अपघातात पाऊल गमावलं, जयपूर फूट लावून पुन्हा चालू लागला, आयआयटी कानपूरमार्गे अमेरिकेत गेला आणि पुढे पेन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाला. मन हलवणारीच गोष्ट आहे. पण ज्या कामासाठी हा सन्मान मिळाला, ते ‘कम्पोझिट फर्मिऑन’ एका वाक्यात उरकलेले पाहून मी हळहळलो. ही कल्पना तर शाळेतल्या अपूर्णांकांवर उलगडते!

पट्टीतून वीज सोडली आणि पट्टीला लंब असं चुंबकीय क्षेत्र लावलं, की आडव्या दिशेला व्होल्टेज मिळतं. हा १८७९चा हॉल परिणाम. अतिथंड, अतिपातळ थरात मात्र हा आडवा रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, असं १९८०मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना दिसलं. २५,८१२.८ ओहमला १, २, ३ अशा पूर्णांकांनी भागा, की पायऱ्या मिळतात.

इमारतीचे मजले डोळ्यांसमोर आणा; एक मजला म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची एक पातळी. चुंबकीय क्षेत्राचा सर्वांत छोटा वाटा म्हणजे फ्लक्स क्वांटम. थरातून जितके वाटे जातात तितक्या खोल्या प्रत्येक मजल्यावर, आणि एका खोलीत एकच इलेक्ट्रॉन. मजले काठोकाठ भरले, की पायरी दिसते.

१९८२मध्ये त्सुई, स्टॉर्मर आणि गोसार्ड यांना १/३ची पायरी सापडली. म्हणजे तीन खोल्यांत एक इलेक्ट्रॉन! लाफलिन यांनी पुढच्याच वर्षी तिचा उलगडा केला. पण मग २/५, ३/७, ४/९ अशी रांगच लागली. पहिला मजलासुद्धा धड भरलेला नाही, मग पायरी कशी?

जैन यांनी १९८९मध्ये सुचवलं की प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन वाटे स्वतःशी बांधून घेतो, आणि ही जोडगोळी एकाच कणासारखी वागते. हाच कम्पोझिट फर्मिऑन. आता २/५ पाहा. दोन इलेक्ट्रॉन, पाच वाटे. चार वाटे बांधले गेले, एक उरला. म्हणजे मजल्यावर खोली एकच आणि राहणारे दोघे, त्यामुळे बरोबर दोन मजले भरले. ३/७मध्ये सातातून सहा गेले, उरला एक, तीन मजले भरले. सगळी रांग एका वजाबाकीत सुटली!

इलेक्ट्रॉन खरोखर चुंबकाचे तुकडे चिकटवून फिरत नाहीत. त्यांना एकमेकांपासून लांब राहायचं असतं. त्यांच्या सामायिक तरंगात प्रत्येक इलेक्ट्रॉनभोवती भोवरे तयार होतात, ‘बांधलेले वाटे’ म्हणजे हेच भोवरे, आणि भोवऱ्याच्या मध्याशी दुसरा इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते. भोवरे दोनच का? दोन कणांची अदलाबदल केली की एका भोवऱ्यामुळे तरंगाचं चिन्ह उलटतं, दुसऱ्यामुळे पूर्ववत होतं, आणि कण फर्मिऑनच, म्हणजे एका खोलीत एकटाच मावणारा, राहतो. म्हणून भोवऱ्यांची संख्या सम हवी.

हे सगळं घडतं निरपेक्ष शून्याच्या जवळ, अत्यंत शुद्ध स्फटिकात, प्रचंड चुंबकाखाली. ‘क्वांटम ऊर्जे’ची लॉकेटं गळ्यात घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, त्यात पैसे घालवू नयेत.

जैन यांना २००२मध्ये रीड आणि विलेट यांच्यासोबत बकली पारितोषिक मिळालं होतं. वुल्फ पारितोषिकात त्यांच्याबरोबर हाइब्लम आणि आयझेनस्टाइन हे प्रयोगकर्ते आहेत.

मला सर्वांत आवडतो तो १/२. एका इलेक्ट्रॉनमागे दोन वाटे, दोन्ही बांधले गेले, उरलं शून्य. बाहेर बलाढ्य चुंबक असूनही या कणांना क्षेत्र जाणवतच नाही. १/२पासून जरासं सरकलं, की उरलेल्या चिमुकल्या क्षेत्रात ते मोठाल्या वर्तुळांत वळतात. ही वर्तुळं प्रयोगांत मोजली गेली आहेत.